तैपेईच्या शिमेनडिंगमध्ये खायचं काय? 75 वर्षांची जुनी दुकानं, त्यांची गोष्ट आणि शाकाहारींसाठी टिप्स

तैवानची राजधानी तैपेई. तिथल्या मेट्रोच्या शिमेन स्टेशनवर उतरून 6 नंबरच्या गेटमधून बाहेर पडलं की समोर येतं ते शिमेनडिंग. मोठमोठे स्क्रीन, निऑनच्या पाट्या, कपड्यांची आणि कॉस्मेटिक्सची दुकानं, सिनेमागृहं आणि तरुणांची तुडुंब गर्दी. रील्समध्ये हा भाग दिसतो तो असाच, हातात बबल टीचा ग्लास आणि मागे रंगीत दिवे.

पण इथे खायला जाणाऱ्याचा गोंधळ उडतो. दर दहा पावलांवर खाण्याचं काहीतरी आहे, बहुतेक पाट्या चिनी लिपीत आहेत आणि सगळ्यात लांब रांग असलेलं दुकान आपल्यासाठी योग्य असेलच असं नाही. अशा वेळी एक गोष्ट लक्षात ठेवली तर निवड सोपी होते. शिमेनडिंगची जुनी दुकानं एखाददुसऱ्या पदार्थासाठीच ओळखली जातात आणि तो पदार्थ इथे कोणी आणला, यामागे तैपेईचा इतिहास आहे.

शिमेनडिंग म्हणजे नेमकं काय?

'शिमेन' म्हणजे पश्चिम दरवाजा. 1884 मध्ये तैपेई शहराभोवती तटबंदी पूर्ण झाली, तिचा पश्चिमेचा दरवाजा इथे होता. 1895 मध्ये तैवान जपानच्या ताब्यात गेलं आणि 1905 मध्ये जपानी प्रशासनाने हा दरवाजा पाडला. त्याच्या बाहेरच्या दलदलीच्या जागेवर टोकियोच्या आसाकुसासारखी करमणुकीची वस्ती उभी राहिली. नावातला शेवटचा 'डिंग' हा जपानी काळातला, शहराचा विभाग दाखवणारा शब्द आहे.

त्या काळाची खूण आजही उभी आहे. 1908 मध्ये बांधलेली लाल विटांची अष्टकोनी इमारत, म्हणजे 'रेड हाऊस'. ती मुळात मंडई होती, पुढे तिथे नाटकं आणि सिनेमे चालले. आज आत हस्तकलेच्या वस्तूंची दुकानं आहेत आणि मागच्या चौकात उघड्यावर टेबलं मांडलेले बार.

1945 मध्ये जपानी गेले. 1949 मध्ये चीनमधल्या यादवी युद्धात हरलेलं राष्ट्रवादी सरकार तैवानला आलं. त्याच्याबरोबर चीनच्या वेगवेगळ्या प्रांतांतून लाखो लोक आले आणि आपापली चव घेऊन आले. म्हणून इथे अर्ध्या तासाच्या फेरफटक्यात जपानी, शांघायी, रशियन आणि अस्सल तैवानी असे चारही प्रकार सापडतात.

सगळ्यात लांब रांग कशाची?

अमेई स्ट्रीटवरच्या 'आय-चुंग'ची. 1975 मध्ये एका गाडीवर सुरू झालेल्या या दुकानात मिळतो एकच पदार्थ, नूडल्सचा दाट रस्सा. निवड करायची ती फक्त लहान वाटी की मोठी. इंग्रजी पाटीवर तांदळाच्या नूडल्स असा उल्लेख दिसतो, पण प्रत्यक्षात या गव्हाच्या, आपल्या शेवयांइतक्या बारीक असतात. वाळवलेल्या बोनिटो माशाच्या रश्श्यात त्या शिजवतात, पिठाने दाटपणा आणतात आणि वरून डुकराच्या आतड्याचे तुकडे घालतात. लसूण, मिरची आणि काळं व्हिनेगर आपलं आपण घालून घ्यायचं.

बसायला फारशी जागा नाही. लोक रस्त्यावरच वाटी हातात धरून चमच्याने खातात. रांग लांब दिसली तरी पदार्थ एकच असल्याने ती भराभर सरकते.

पाटीवर बदक, ताटात हंस

स्टेशनजवळच झोंगहुआ रोडवर 'या रौ ब्येन' आहे. 'या रौ' म्हणजे बदकाचं मांस. मात्र 1950 पासूनच्या या दुकानात आज बदक मिळत नाही, मिळतो तो हंस. सुरुवात बदकापासून झाली होती, पुढे हंसाचं मांस ग्राहकांना जास्त आवडलं, पण तोवर नाव सर्वतोमुखी झालं होतं, म्हणून पाटी तशीच राहिली. उकडलेल्या हंसाचे काप आणि त्याच रश्श्यातल्या नूडल्स, एवढाच इथला बेत.

याच रस्त्यावर 1961 ते 1992 या काळात 'झोंगहुआ मार्केट' नावाची आठ इमारतींची रांग होती. चीनमधून आलेल्या अनेकांची खाण्याची आणि इतर छोटी दुकानं तिथे होती. रुंद रस्त्यासाठी आणि मेट्रोसाठी ती पाडण्यात आली. आसपासची जुनी दुकानं तेव्हाच्या गर्दीची आठवण सांगतात.

बसून, पोटभर जेवायचं असेल तर?

दोन पर्याय आहेत. हानझोंग स्ट्रीटवरचं 'थ्येन थ्येन ली' हे साधं तैवानी जेवणाचं ठिकाण. इथली 'लू रौ फान' म्हणजे सोया सॉसमध्ये मंद आचेवर शिजवलेलं डुकराचं बारीक मांस घातलेला भात, वर अर्धकच्चं तळलेलं अंडं. जोडीला कालवं घातलेलं ऑम्लेट. कोकणात कालवं खाल्लेल्यांना त्याची चव ओळखीची वाटेल, पण रताळ्याच्या पिठामुळे येणारा चिकटपणा आणि वरचा गोडसर लाल सॉस मात्र नवा.

दुसरं 'मेई क्वान युआन', अमेई स्ट्रीटवर, 1946 पासूनचं. जपानी गेल्यानंतर वर्षभरात सुरू झालेल्या या ठिकाणी तैवानी वळणाचं जपानी जेवण मिळतं. सत्ता बदलली तरी लोकांच्या जिभेवरची पन्नास वर्षांची सवय एका रात्रीत जात नाही, याचं हे खाण्याजोगं उदाहरण.

चालता चालता तोंडात टाकायला 'लाओ थ्येन लू' आहे. मसाल्याच्या सोया रश्श्यात मुरवलेल्या बदकाच्या जिभा आणि पंख ही इथली ख्याती. ही पद्धत शांघायकडून आली. जवळजवळ सारख्या नावाची दोन दुकानं या भागात आहेत, त्यामुळे मॅपवर शोधताना गोंधळू नका.

मांसाहार नको असेल तर काय?

शिमेनडिंगमध्ये मांस नसलेलं खूप काही आहे आणि त्यातलं बरंचसं चेंगडू रोडवर.

- फोंग दा कॉफी: 1956 पासूनचं कॉफीगृह. काचेच्या सायफनमध्ये उकळलेली कॉफी आणि दारातच बरण्यांमध्ये मांडलेली अक्रोडाची बिस्किटं. तैवानच्या जुन्या पद्धतीच्या बिस्किटांत डुकराची चरबी वापरण्याची रीत आहे, त्यामुळे बिस्किट घेण्याआधी विचारावं. कॉफीला हा प्रश्न नाही.
- चेंगडू स्टारफ्रूट बर्फ: 1966 पासून खारवलेल्या स्टारफ्रूटचं सरबत आणि बर्फ विकणारं दुकान. चव आंबट-गोड-खारट. स्टारफ्रूट म्हणजे आपलं करंबळ. या फळाचं 'कारांबोला' हे युरोपात रुळलेलं नाव पोर्तुगीजांनी बहुधा मराठीतल्या याच शब्दावरून घेतलं, असं शब्दकोश सांगतात.
- बबल टी: 1980 च्या दशकात तैवानमध्येच जन्मलेलं पेय. यातले काळे मोती कसाव्याच्या पिठाचे असतात. आपला साबुदाणाही त्याच कंदाचा, म्हणून ते चावताना फार परकं वाटत नाही. ऑर्डर देताना साखर आणि बर्फ किती हे विचारतात. 'बान थांग' म्हणजे अर्धी साखर, 'वू थांग' म्हणजे बिनसाखर.

झोंगहुआ रोड ओलांडून वूचांग स्ट्रीटच्या पूर्वेकडच्या भागात गेलात तर आणखी दोन ठिकाणं आहेत. 1947 पासूनचं 'स्नो किंग' आइस्क्रीम, ज्याच्या 70 हून अधिक स्वादांमध्ये फळांबरोबर तैवानी बिअर, वासाबी आणि चक्क डुकराच्या मांसाचे स्वादही आहेत. त्यामुळे यादी नीट वाचूनच बोट ठेवावं. आणि 1949 मध्ये रशियन निर्वासितांच्या साथीने सुरू झालेलं 'ॲस्टोरिया' कॅफे. झोउ मेंगडिए हे प्रसिद्ध कवी 1959 पासून अनेक वर्षं या कॅफेच्या दारात पुस्तकांचा छोटा स्टॉल मांडून बसत. वर लेखक एका कॉफीवर तासन्‌तास लिहीत बसलेले असत. 1989 मध्ये बंद पडलेलं हे कॅफे 2004 मध्ये पुन्हा सुरू झालं.

शाकाहारी जेवण ओळखायचं कसं?

तैवानमध्ये बौद्ध आणि ताओ परंपरेमुळे शाकाहारी जेवण सहज मिळतं. फक्त एक शब्द यायला हवा, 'सू'. 'वो छ्र सू' म्हणजे 'मी शाकाहारी खातो' किंवा 'खाते'. हे चिनी अक्षर मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवलं तर दुकानाच्या पाट्यांवरही पटकन सापडतं. अनेक शाकाहारी दुकानांच्या पाटीवर स्वस्तिकाचं चिन्हही असतं. ते इथे बौद्ध धर्माचं चिन्ह आहे.

पाकिटबंद पदार्थांवर शाकाहाराचे पाच प्रकार छापलेले असतात: शुद्ध शाकाहार, अंडं चालणारा, दूध चालणारा, दोन्ही चालणारा, आणि कांदा-लसणासारखे उग्र पदार्थ असलेला. यातल्या शुद्ध शाकाहारात कांदा आणि लसूण नसतो, कारण बौद्ध परंपरेत पाच उग्र वनस्पती वर्ज्य आहेत. त्यांतली एक आहे चक्क हिंग. तिचं चिनी नाव 'शिंगछू' हे भारतातूनच गेलेलं आहे. मात्र या जेवणात बटाटा, गाजर, मशरूम असतात, त्यामुळे कांदा-लसूण नाही म्हणजे जैन जेवण, असं समजू नये.

आणखी तीन गोष्टी:

- मेनूत नुसतं 'रौ' लिहिलेलं असेल तर ते बहुधा डुकराचं मांस. गोमांसाला 'न्यौ रौ' म्हणतात. ते नको असेल तर 'बू याओ न्यौ रौ' म्हणावं. यात कोणाला नवल वाटणार नाही. नांगर ओढणाऱ्या बैलाबद्दलच्या कृतज्ञतेपोटी तैवानच्या अनेक शेतकरी घरांतही गोमांस न खाण्याची प्रथा आहे.
- प्रसिद्ध 'स्टिंकी टोफू' हा टोफू असला तरी शाकाहारी असेलच असं नाही. तो ज्या आंबवलेल्या पाण्यात मुरवतात, त्यात सुकट किंवा मांसही असू शकतं.
- भाजीच्या सूपमध्येही मासळीचा किंवा हाडांचा अर्क असू शकतो. 'सू' शब्द नसेल तर विचारणं उत्तम.

जाण्याआधी हे लक्षात ठेवा

- शिमेनडिंग उशिरा जागं होतं. बरीच दुकानं सकाळी 11 नंतर उघडतात. संध्याकाळी, विशेषतः शनिवार-रविवारी, गर्दी सर्वाधिक. दुपारी 3 ते 5 ही वेळ तुलनेने निवांत.
- जुन्या आणि छोट्या दुकानांसाठी रोख तैवानी डॉलर जवळ ठेवा.
- टिप देण्याची पद्धत नाही. मोठ्या रेस्टॉरंटमध्ये 10 टक्के सेवाशुल्क बिलातच असतं.
- बबल टीचा ग्लास घेऊन मेट्रोत शिरू नका. तैपेई मेट्रोत खाणं, पिणं, च्युइंगम चघळणं यावर बंदी आहे, साधं पाणीही चालत नाही. दंड 1,500 ते 7,500 तैवानी डॉलर.
- रस्त्यावर कचराकुंड्या कमी आहेत. रिकामी वाटी, ग्लास ज्या दुकानातून घेतला तिथेच परत टाकावा किंवा जवळ एक पिशवी ठेवावी.

मग रांग पाहून जायचं की वर्ष पाहून?

मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे तैवानने परदेशी पर्यटकांसाठी दारं बंद केली, ती पूर्णपणे उघडली ऑक्टोबर 2022 मध्ये. मे 2021 मध्ये शिमेनडिंग ज्या वानहुआ भागात येतं तिथेच संसर्गाचा उद्रेक झाला. पर्यटकांवर जगणारा हा बाजार ओस पडला, अनेक दुकानांची शटर्स खाली आली. अशा काळात दुकानाला आधार असतो तो शहरातल्याच नेहमीच्या गिऱ्हाइकाचा. रोज सकाळी कॉफीला येणारे आजोबा, शाळेपासून त्याच दुकानात नूडल्स खाणारी पिढी.

म्हणून पाटीवर 1946, 1950, 1956 असं वर्ष दिसलं तर तिथे थांबायला हरकत नाही. रील एका दिवसात व्हायरल होते. एकाच पदार्थावर सत्तर वर्षं दुकान चालवायला मात्र रोज परत येणारं गिऱ्हाईक लागतं.