आज्ञावल्यांचे रूळ

लातूर आणि नांदेड हे शेजारचे जिल्हे. तरी विसाव्या शतकात बराच काळ लातूरचा रेल्वेडबा नांदेडच्या रुळांवर धावूच शकत नव्हता. लातूरला १९११ साली पोहोचलेली बार्शी लाइट रेल्वे अडीच फुटी नॅरोगेजची. नांदेडवरून जाणारा मनमाड-हैदराबाद मार्ग मीटरगेजचा. मुंबईकडे जाणारा माल कुर्डुवाडीला किंवा मनमाडला उतरवून ब्रॉडगेजच्या डब्यांत भरावा लागे.

संगणकातही असे रूळ असतात. वेबवर चालणारी आज्ञावली बहुधा थेट यंत्रावर धावत नाही. तिचे हुकूम यंत्राला समजावून देणारा एक थर मध्ये लागतो. त्याला रनटाइम म्हणतात. त्याची आवृत्ती बदलली, की रुळाचे मापच बदलल्यासारखे होते. पीएचपी भाषेची ७.० ही आवृत्ती डिसेंबर २०१५ मध्ये आली (सहावी कधी प्रसिद्ध झालीच नाही!) आणि माहितीसाठ्याशी बोलणारी काही जुनी फंक्शन्स तिने काढून टाकली. त्यांवर विसंबलेल्या आज्ञावल्या बंद पडल्या.

बंद पडलेली आज्ञावली निदान दिसते तरी. आम्हाला जास्त भीती वाटते ती न बोलता बदलणाऱ्या उत्तराची. पायथन २ मध्ये ७ ला २ ने भागायला सांगा; उत्तर येते ३. डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या पायथन ३ मध्ये तेच उत्तर ३.५ येते. गुणांची सरासरी काढणारी जुनी आज्ञावली नव्या रनटाइमवर चढवली तर कोणतीही तक्रार न करता ती वेगळा निकाल देऊ शकते. म्हणून बदल करण्यापूर्वी एकाच वर्गाचे गुण दोन्हींवर चालवून ताडून पाहावेत. विद्यार्थ्यांनाही हा प्रयोग सहज जमेल.

मग दोन्ही रूळ शेजारी ठेवता येतात का? येतात. १९७९ च्या युनिक्समध्ये 'सीएचरूट' ही सोय आली. तिच्यामुळे एखाद्या आज्ञावलीला एका फोल्डरापलीकडचे काही दिसत नसे. हीच कल्पना पुढे वाढत २०१३ मध्ये 'डॉकर' आले. यात प्रत्येक आज्ञावली आपला रनटाइम बरोबर घेऊन वेगळ्या पेटीत राहते. दाराशी बसलेला सर्व्हर आलेली विनंती योग्य पेटीकडे पाठवतो. यंत्र एकच, जुने-नवे दोन्ही चालू.

ही सोय फुकटची मात्र नाही. पायथन २ ची अधिकृत देखभाल १ जानेवारी २०२० ला संपली. त्यानंतर सापडलेली सुरक्षेची भोके मूळ कर्ते बुजवत नाहीत, आणि पेटीत ठेवल्याने ती बुजतही नाहीत. विद्यार्थ्यांची नावे व जन्मतारखा असलेली अशी जुनी आज्ञावली शाळेच्या आतल्या जाळ्यापुरतीच ठेवावी, तिची माहिती नव्या आज्ञावलीत उतरवून होईपर्यंत.