स्विफ्टमधील स्ट्रिंग

स्विफ्ट ही अ‍ॅपलने जून 2014 मध्ये जाहीर केलेली, मुख्यतः आयफोन-आयपॅडच्या अ‍ॅपसाठी वापरली जाणारी प्रोग्रामिंग भाषा. तिच्यात मजकूर ‘स्ट्रिंग’ या प्रकारात ठेवतात, आणि नवखे लोक अडखळतात तेही इथेच. नुसता आकडा देऊन पाचवे अक्षर मागता येत नाही. स्ट्रिंग-इंडेक्स नावाची वेगळी खूण आधी मिळवावी लागते. हा हटवादीपणा वाटतो, पण देवनागरी मजकूर समोर घेतला की तो रास्त ठरतो. ‘मराठी’ या शब्दात वाचणाऱ्याला 3 अक्षरे दिसतात. युनिकोड काना आणि वेलांटी वेगळी धरते, म्हणून तिच्या हिशेबी 5 संकेत. यूटीएफ-8 मध्ये 15 बाइट. अँड्रॉइडवरची कोटलिन यूटीएफ-16 ची एकके मोजते, त्यामुळे लांबी 5 सांगते आणि पहिली 4 एकके मागितली तर बिनदिक्कत ‘मराठ’ हाती देते. स्विफ्टचे ‘काउंट’ 3 म्हणते. वेलांटी ठ पासून तुटत नाही.

तुलनेतही हाच विचार आहे. ‘दुसऱ्या’मधला ऱ एका संकेताने लिहिता येतो, तसाच र आणि नुक्ता अशा दोन संकेतांनीही. डोळ्यांना फरक कळत नाही. कोटलिनची साधी तुलना हे दोन शब्द वेगळे ठरवते, म्हणजे यादीत असलेले नाव शोधताना सापडत नाही. स्विफ्ट त्यांना समान मानते.

यावर पहिला आक्षेप वेगाचा. काउंटसाठी सगळी स्ट्रिंग चाळावी लागते, हे खरेच; मोठ्या मजकुरावर ते लूपमध्ये वापरले तर अ‍ॅप रखडते. पण मजकूर रिकामा आहे का एवढेच पाहायचे तर ‘इझ-एम्प्टी’ आहे, आणि बाइटच हवे असतील तर यूटीएफ-8 चे दर्शन. स्विफ्ट 5 पासून (2019) स्ट्रिंग आतून त्याच स्वरूपात साठवली जाते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अक्षर कुठे संपते याचे नियमच बदलतात. जुन्या नियमाने ‘क्षमा’त क्, ष, मा असे 3 तुकडे पडत, 2023 च्या युनिकोड 15.1 ने जोडाक्षर एकसंध धरल्यावर 2 उरले. याला स्विफ्टकडे उत्तर नाही. म्हणून मोजलेली अक्षरसंख्या डेटाबेसमध्ये जपून ठेवू नये, आणि सर्व्हरशी लांबीची मर्यादा ठरवायची तर ती बाइटमध्ये ठरवावी.