तीन विधानसभा, एक पुसद

आमदार एकाच ठिकाणी उभा राहावा आणि त्याच्या पायाखालचे राज्य तेवढे बदलत जावे, असा प्रकार विरळा. वसंतराव नाईकांच्या बाबतीत तो घडला. १९५२ साली पुसदच्या मतदारांनी त्यांना निवडून दिले ते जुन्या मध्य प्रदेशाच्या विधानसभेवर, सभागृह नागपुरास. १ नोव्हेंबर १९५६ रोजी वऱ्हाड-नागपूर द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि हेच वसंतराव मुंबईच्या सभागृहात जाऊन बसले. १ मे १९६० रोजी राज्य पुन्हा बदलले. पुसदचा शेतकरी मात्र होता तेथेच होता. त्याची पऱ्हाटी तीच, सावकारही तोच.

नागपुरास ते महसूल खात्याचे उपमंत्री होते, मुंबईस सहकार व पुढे शेती खात्याचे मंत्री, महाराष्ट्र झाल्यावर महसूलमंत्री. प्रत्येक नव्या सभागृहात हा माणूस पाहुण्यासारखा शिरला. पाहुणा आधी ऐकतो, मग बोलतो. त्यांचा जो शांत, कोणाला न दुखावणारा स्वभाव पुढे गाजला, त्याचे मूळ मला या स्थलांतरात दिसते.

स्थलांतर तसे रक्तातच होते. १ जुलै १९१३ रोजी पुसद तालुक्यातील गहुली येथे बंजारा कुटुंबात त्यांचा जन्म झाला. तांड्याच्या प्रमुखाला नाईक म्हणतात. वडील फुलसिंग नाईक. एके काळी बैलांच्या पाठीवर धान्य नि मीठ लादून लमाणांचे तांडे देशभर फिरत. पक्क्या सडका आल्या, आगगाडी आली, आणि तो धंदा बसला. तांडे माळरानांवर स्थिरावले. अशा घरातला मुलगा नागपुरास मॉरिस कॉलेजात शिकला, वकील झाला आणि काही काळ अमरावतीस पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली राहून पुसदला परतला. १९४१ साली त्याने नागपूरच्या घाटे कुटुंबातील ब्राह्मण मुलीशी, वत्सलाबाईंशी, लग्न केले. हे लग्न दोन्हीकडच्या समाजांना रुचले नाही. १९४६ साली तो पुसद नगरपालिकेचा अध्यक्ष झाला. पुढची वाट तेथूनच निघाली.

त्यांचे सर्वांत टिकाऊ काम कोणते, असे कोणी विचारले तर मी मुख्यमंत्रिपदाकडे बोट दाखवणार नाही. १९६० च्या जूनमध्ये लोकशाही विकेंद्रीकरणासाठी त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. १९६१ च्या मार्चमध्ये तिचा अहवाल आला. बलवंतराय मेहता समितीने जिल्हा परिषदेचे अध्यक्षपद कलेक्टरकडे ठेवावे असे सुचविले होते. नाईक समितीने कलेक्टरला परिषदेबाहेरच ठेवले, आणि कारभाराचा भार जिल्ह्याच्या पातळीवर दिला. वऱ्हाडात ज्या कलेक्टरसाहेबांपुढे पाटील जोडे काढून उभा राही, त्यांच्या हातून शाळा, दवाखाने, रस्ते लोकांनी निवडलेल्या माणसांकडे जावेत, हे एका महसूलमंत्र्याने सुचवावे याचे नवल वाटते. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. पुढे तेथेही नवे साहेब तयार झाले, तो भाग वेगळा.

मा. सां. कन्नमवारांच्या निधनानंतर ५ डिसेंबर १९६३ रोजी वसंतराव मुख्यमंत्री झाले. तो काळ टंचाईचा. अमेरिकेहून आलेली लाल मिलो रांगेत उभे राहून आणावी लागे. १९६५ साली पुण्यास शनिवारवाड्यासमोर त्यांनी सांगून टाकले, की दोन वर्षांत राज्य धान्यात स्वयंपूर्ण झाले नाही तर मला फाशी द्या. धान्य वाहून नेणाऱ्यांच्या वंशजाने धान्यासाठी मान पुढे करावी, यात एक न्याय आहे खरा. पण निसर्ग भाषणे ऐकत नाही. १९६५ नि १९६६ ही दोन्ही वर्षे अवर्षणाची गेली. फाशी अर्थातच कोणी दिली नाही.

संकरित ज्वारी मात्र शिवारात शिरली. उतारा भरघोस येई, हे कोणीही मान्य करील. पण ताट ठेंगणे, म्हणून कडबा कमी. बैलांनी काय खावे? पीक लवकर तयार होई आणि परतीच्या पावसात सापडून दाणा काळा पडे. भाकरीला चव नाही, ही घरोघरच्या बायकांची तक्रार वेगळीच. तरीही पोट भरले हे विसरून चालणार नाही. १९७२ च्या दुष्काळात तर प्रश्न दाण्याचा नव्हे, दाणा विकत घेण्यासाठी लागणाऱ्या मजुरीचा होता. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे सरकारी कामांवर खडी फोडत होती, सुकडी खात होती. वि. स. पागे यांच्या रोजगार हमीच्या कल्पनेला त्या खडीनेच पाया मिळाला.

कापसाचे काय? १९७२ साली एकाधिकार खरेदी आली. व्यापाऱ्याच्या काट्यातून शेतकरी सुटला नि चुकाऱ्याच्या प्रतीक्षेत अडकला. यवतमाळ जिल्ह्याच्या दृष्टीने हाच खरा हिशेब, आणि तो वसंतरावांच्या बाजूने पुरता जुळत नाही. जिरायती कापसाला पाणी मिळाले नाही. पाणी नि कारखाने पश्चिमेकडे उसाच्या मागे गेले, आणि त्या वेळी मुख्यमंत्री आमचाच होता. १९८६ च्या मार्चमध्ये याच जिल्ह्यातील चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने बायकामुलांसह जीवन संपविले. दरवर्षी १ जुलैला कृषी दिन म्हणून आम्ही शाळेत वसंतरावांच्या तसबिरीला हार घालतो. समोर बसलेल्या मुलांपैकी बहुतेकांच्या घरी कापूसच असतो.

दिल्लीच्या इच्छेने १९७५ च्या फेब्रुवारीत त्यांनी पद सोडले. सलग अकरा वर्षांहून अधिक काळ झाला होता. १९७७ साली, उत्तरेत काँग्रेस वाहून गेली असता, ते वाशीमहून लोकसभेवर निवडून आले. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले. पुसदची जागा पुढे पुतणे सुधाकरराव यांच्याकडे आली. १९९१ साली तेही मुख्यमंत्री झाले.