दुर्गद्वारींचा शरभ

महाबळेश्वराकडून आंबेनळी घाट उतरूं लागलें म्हणजे प्रथम प्रतापगड दृष्टीस पडतो, आणि पुढें सावित्रीच्या खोऱ्यांत पोलादपूर व महाड हीं गांवें लागतात. महाडाच्या उत्तरेस रायगड. हा सर्व टापू एके काळीं जावळीकर चंद्रराव मोऱ्यांच्या अमलाखालीं होता. १६५६ मध्यें तो शिवाजीमहाराजांनीं घेतला, त्याच वर्षीं रायरीचा डोंगरहि त्यांच्या हातीं आला, आणि १६७४ मध्यें त्याच डोंगरावर त्यांचा राज्याभिषेक झाला. या वाटेनें रायगडास जाणाऱ्या जिज्ञासूनें नगारखान्याच्या दरवाजावरील एका शिल्पाकडे अवश्य लक्ष द्यावें. हत्तींना पकडून धरणारा सिंहाकृति पशु तेथें कोरलेला आहे. यास ‘शरभ’ म्हणण्याचा प्रघात आहे. गडावरील वाटाडे याचा अर्थ असा सांगतात कीं, हे पांच हत्ती म्हणजे दक्षिणेंतील पांच शाह्या, व त्यांना पंजांत धरणारा शरभ म्हणजे मराठ्यांचें राज्य. हा अर्थ इतका रूढ झाला आहे कीं, अनेक पुस्तकांतहि तो निःशंकपणें दिलेला आढळतो. तो कितपत टिकतो, व या पशूस शरभ म्हणणें कितपत युक्त आहे, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत आम्ही करणार आहों.

प्रथम शरभाची कुळकथा पाहूं. ऐतरेय ब्राह्मणांत अशी कथा आहे कीं, देवांनीं यज्ञास योजिलेल्या पशूंतून मेध, म्हणजे यज्ञीय सत्त्व, क्रमाक्रमानें निघून गेलें. अज, म्हणजे बोकड, यांतून तें गेल्यावर तो शरभ झाला व यज्ञास अयोग्य ठरला. येथें शरभ हा केवळ एक रानटी पशु आहे. अद्भुताचा स्पर्श त्यास झालेला नाहीं. अमरकोशकारानेंहि त्यास सिंहादिवर्गांत गवय, शश इत्यादि पशूंच्या पंक्तीसच बसविलें आहे. परंतु महाभारताच्या शांतिपर्वांत रूप पालटतें. एका ऋषीच्या आश्रमांतील कुत्रा ऋषिकृपेनें चित्ता, वाघ, हत्ती, सिंह असा चढत जाऊन अखेर शरभ होतो. हा शरभ आठ पायांचा असून सर्व प्राण्यांचा संहार करणारा आहे. शेवटीं तो ऋषीवरच उठतो आणि शापानें पुनः कुत्रा होतो. कालिदासानेंहि मेघदूतांत हिमालयावर मेघाच्या अंगावर झेप घेऊं पाहणारे शरभ आणिले आहेत. सारांश, हत्तीहून व सिंहाहूनहि वरचढ असा पशु ही शरभाची कल्पना बरीच प्राचीन आहे.

पुराणांत या पशूस देवत्व आलें. हिरण्यकशिपूच्या वधानंतरहि नृसिंहाचा क्रोध शमेना, तेव्हां शिवानें शरभरूप धारण करून त्यास आवरलें, अशी कथा लिंगपुराणांत व शिवपुराणांत आहे. तमिळ देशीं दारासुरम् येथील बाराव्या शतकांतील ऐरावतेश्वर मंदिरांत या शरभमूर्तीचें दर्शन होतें. वैष्णवांनीं यास उत्तर म्हणून दोन मुखांचा गंडभेरुंड पक्षी पुढें केला व त्याच्याकडून शरभाचा पराभव करविला. मात्र गंडभेरुंड हा केवळ सांप्रदायिक वादांतून जन्मला असें नव्हे. तक्षशिलेजवळील सिरकप येथील स्तूपावर दोन मुखांचा पक्षी आहे, आणि कर्नाटकांत बळ्ळिगावे येथें १०४७ मध्यें उभारलेला भेरुंडस्तंभ प्रसिद्ध आहे. विजयनगरच्या अच्युतदेवरायाच्या (१५२९–१५४२) सुवर्णनाण्यांवर तर हा पक्षी चोचींत व पंजांत हत्ती धरून उभा आहे. राजसामर्थ्याचें चिन्ह म्हणून ‘हत्तींना धरणारा अद्भुत प्राणी’ दक्षिणेंत महाराजांच्या पूर्वीं शंभरांहून अधिक वर्षें रूढ होता, हें यावरून उघड होतें.

आतां पांच शाह्यांच्या अर्थाकडे वळूं. राज्याभिषेकाच्या समयीं कोणत्या शाह्या शिल्लक होत्या? वऱ्हाडची इमादशाही १५७४ मध्येंच अहमदनगरच्या निजामशाहींत विलीन झाली. बेदरची बरीदशाही १६१९ मध्यें विजापुरानें गिळली. खुद्द निजामशाही १६३६ मध्यें संपली. उरल्या त्या विजापूर व गोवळकोंडा या दोनच. त्याहि पुढें १६८६ व १६८७ मध्यें औरंगजेबानें घेतल्या. ज्या शाह्या पन्नास किंवा शंभर वर्षांपूर्वींच नष्ट झाल्या, त्यांना पंजांत धरून दाखविण्यांत कोणता पराक्रम? आणि महाराजांचा सर्वांत प्रबळ शत्रु जो मोंगल, त्याला या मोजणींत स्थानच मिळत नाहीं. याहून मोठी अडचण जंजिऱ्याची आहे. सिद्दीच्या त्या जलदुर्गाच्या महाद्वारावरहि असाच पशु हत्तींना पंजांत व शेपटींत धरून उभा आहे. जंजिरा मराठ्यांस कधींच घेतां आला नाहीं. तेथें तो कोणत्या राज्याचें प्रतीक मानावयाचा? एकच चित्र परस्परांच्या शत्रूंच्या दारांवर असेल, तर तें एका पक्षाची खूण नव्हे. तें त्या काळच्या दुर्गशिल्पाची सामान्य भाषा होय, असेंच मानावें लागतें.

नांवाविषयींहि आमची शंका आहे. पुराणांतील शरभ अष्टपाद; दुर्गद्वारींचा हा पशु चतुष्पाद. शिल्पशास्त्रांत अशा मिश्ररूप पशूंस ‘व्याल’ ही संज्ञा असून अपराजितपृच्छेंत त्यांचे सोळा प्रकार सांगितले आहेत. हत्तीवर स्वार झालेला सिंह हा तर कोणार्कपर्यंत पसरलेला विषय. दुसरीकडे, बहामनी राजवटींत १५०३ मध्यें झालेल्या बेदर किल्ल्याच्या एका दरवाजावर वाघ कोरलेले असून त्याचें नांवच ‘शर्झा दरवाजा’ आहे. विजापुरास मुलूखमैदान तोफ ज्या बुरुजावर आहे तो ‘शर्झा बुरूज’. आदिलशाही सरदार शर्झाखान मराठी वाचकांस परिचित आहेच. फारशींतील ‘शर्झा’ म्हणजे क्रुद्ध, खवळलेला. सिंहव्याघ्रांस लाविलेलें विशेषण. तेव्हां दुर्गावरील ‘शर्झा’ आणि पुराणांतील ‘शरभ’ हे उच्चारसादृश्यानें लोकांच्या तोंडीं एक झाले असावेत, असा आमचा तर्क आहे. तो तर्कच आहे, सिद्धान्त नव्हे.

या विवेचनानें रायगडच्या शिल्पाची थोरवी कमी होते असें कोणी समजूं नये. उलट ती अधिक स्पष्ट होते. विजयनगरच्या नाण्यांवर आणि सुलतानांच्या दुर्गद्वारांवर जें राजचिन्ह वावरत होतें, तें सह्याद्रींत नव्यानें छत्र धरणाऱ्या राजानें आपल्या द्वारीं बसविलें. म्हणजे आपलें सिंहासन त्या राजांच्या बरोबरीचें आहे, असें त्यानें पाषाणाकडून वदविलें. पांच हत्तींची बेरीज करण्यापेक्षां हा अर्थ आम्हांस अधिक राजोचित वाटतो.

एक विनंती करून लेख संपवितों. या भागांत पावसाचा मारा मोठा. शिल्पांच्या रेषा झिजत चालल्या आहेत. तेव्हां संशोधकांनीं किल्लोकिल्लीं या पशूंचीं छायाचित्रें व मापें घ्यावीं, पाय, पंख, शेपटी व हत्तींची संख्या नोंदवावी. ज्यांच्या दप्तरांत शरभकवच, शरभमंत्र किंवा शिल्पशास्त्राचीं पोथीपत्रें असतील, त्यांनीं तीं उजेडांत आणावीं. आमचा तर्क त्यांवरून खोटा ठरला, तरी आम्हांस समाधानच वाटेल.