औषधांचा ओव्हरडोस: विहारातील कार्यकर्त्यांना माहीत असायलाच हव्यात अशा गोष्टी

पाचवे शील म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दारूची बाटली येते. पण आज वस्तीतली नशा औषधांच्या पाकिटातूनही येते. झोपेच्या गोळ्या, कोडीन असलेले खोकल्याचे औषध, ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या ही त्याची उदाहरणे. मालेगावकडे अल्प्राझोलामची गोळी ‘कुत्ता गोळी’ या नावाने ओळखली जाते.

औषध घेणे म्हणजे शीलभंग नव्हे. विनयपिटकातील महावग्गात औषधांवर स्वतंत्र प्रकरण आहे आणि आजारी भिक्खूची सेवा स्वतः भगवंतांनी केल्याचा प्रसंगही त्यातच आहे. प्रश्न आहे तो औषध कोण, किती आणि कशासोबत घेतो याचा.

ओव्हरडोस कसा होतो?

दरवेळी तो जाणूनबुजून झालेला नसतो. तापाची, सर्दीची आणि अंगदुखीची अशा तीन वेगळ्या नावांच्या गोळ्यांत एकच पॅरासिटामॉल असू शकते. निरोगी प्रौढासाठी 24 तासांत 4 ग्रॅम, म्हणजे 500 मिलिग्रॅमच्या 8 गोळ्या, ही कमाल मर्यादा आहे. नियमित दारू पिणारे, यकृताचे रुग्ण आणि अशक्त माणसे यांच्यासाठी ती आणखी कमी असते. जास्त पॅरासिटामॉल घेतलेला माणूस पहिला दिवस ठणठणीत दिसू शकतो, पण आत यकृत निकामी होत असते. यावरचा उतारा पहिल्या 8 तासांत सर्वांत चांगला काम करतो. म्हणून ‘काही होत नाहीये’ म्हणून थांबू नये.

झोपेची गोळी, अफूजन्य औषध आणि दारू यांपैकी कोणतीही दोन एकत्र आली तर श्वास मंदावतो. बहुतेक मृत्यू याच कारणाने होतात.

धोक्याची चिन्हे

- हाक मारून, हलवून जाग न येणे
- श्वास फार मंद किंवा थांबत-थांबत चालणे, घशातून घरघर
- ओठ, नखे निळसर पडणे
- डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणे (अफूजन्य औषधांत)

‘चढली आहे, झोपू द्या’ असे म्हणून अशा माणसाला एकटे सोडू नये.

त्या वेळी काय करावे?

1. 108 किंवा 112 ला फोन करा.
2. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही.
3. श्वास थांबला असेल तर फोनवरील सूचनेप्रमाणे छातीवर दाब द्या.
4. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. तोंडात काहीही घालू नका.
5. रिकामी पाकिटे, बाटल्या दवाखान्यात सोबत न्या.

अफूजन्य औषधांवर नॅलोक्सोन हा उतारा आहे. अल्प्राझोलाम किंवा दारूवर तो चालत नाही. त्याचा परिणाम तास-दीड तासात ओसरू शकतो, म्हणून शुद्ध आली तरी रुग्णालय टाळू नये.

‘पोलीस केस होईल’ ही भीती

या भीतीपोटी घरचे लोक वेळ घालवतात. कायदा काय सांगतो ते कार्यकर्त्यांना पाठ हवे. परमानंद कटारा खटल्यात 1989 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, कायदेशीर सोपस्कारांआधी जीव वाचवणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 115 नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते. अन्यथा सिद्ध झाल्याशिवाय तिच्यावर खटला चालत नाही. एनडीपीएस कायद्याच्या कलम 64अ मध्ये, सेवन किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातील व्यसनी व्यक्तीने स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेतल्यास खटल्यापासून संरक्षण आहे. उपचार मात्र पूर्ण करावे लागतात.

व्यसनमुक्तीची शपथ देताना

रोज भरपूर दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेणाऱ्याने एका दिवसात सगळे बंद केले तर फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. शपथ जरूर द्या, पण डॉक्टरांच्या देखरेखीची व्यवस्था आधी करा. दुसरा धोका नंतरचा: काही आठवडे अफूजन्य पदार्थांपासून दूर राहिलेल्याने पुन्हा जुनीच मात्रा घेतली तर ती शरीराला पेलत नाही. घसरलेल्या माणसाला समाजाने वाळीत टाकले तर तो लपून, एकटा घेतो आणि तेव्हा वाचवायला जवळ कोणी नसते.

विहारात काय करता येईल?

- आरोग्य शिबिरात सुट्या गोळ्या कागदात बांधून देऊ नका. नाव, मात्रा आणि मुदत दिसणारे पाकीटच द्या.
- वर्षावासातील एक रविवार औषध तपासणीसाठी ठेवा. ज्येष्ठांना घरातली सर्व औषधे आणायला सांगा आणि डॉक्टर किंवा फार्मासिस्टकडून तपासून घ्या.
- लाल चौकटीतील इशारा असलेली शेड्यूल एच-1 औषधे चिठ्ठीशिवाय विकणाऱ्या दुकानाची लेखी तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करा.
- महिला मंडळ आणि युवकांतून किमान दोघांना प्रथमोपचाराचे प्रशिक्षण द्या.

फलकावर लिहून ठेवावेत असे क्रमांक

- रुग्णवाहिका: 108, आपत्कालीन मदत: 112
- मानसिक आधार, टेलि-मानस: 14416
- व्यसनमुक्ती हेल्पलाइन: 14446
- विषबाधा माहिती केंद्र, एम्स दिल्ली: 1800 116 117

वंदनेला येणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेस पडेल अशा जागी हा फलक लावा.