अजनाळ्याची विहीर आणि दातांची साक्ष

आजचा भाग लखनौच्या निशातगंजमधून बोलतोय. इथून जवळच, युनिव्हर्सिटी रोडवर बीरबल साहनी पुराविज्ञान संस्था आहे. १८५७ च्या एका हत्याकांडाचा वाद सोडवण्यात या संस्थेचा हात आहे.

१८५७ म्हटलं की आपल्याला झाशी, कानपूर, गोडसे भटजी आठवतात. लाहोरची मियाँ मीर छावणी आठवत नाही. तिथल्या २६ व्या बंगाल नेटिव्ह इन्फंट्रीची हत्यारं मे महिन्यातच काढून घेतली होती. ३० जुलैला शिपाई छावणीतून पळाले आणि पकडले गेले. १ ऑगस्टला अमृतसरचा डेप्युटी कमिशनर फ्रेडरिक कूपर याने अजनाळ्यात २३७ जणांना गोळ्या घालायला लावल्या. ४५ जण कोंडलेल्या जागेत गुदमरून मेले. २८२ देह विहिरीत गेले. हे कूपरनेच पुढच्या वर्षी पुस्तकात लिहिलं.

२०१४ मध्ये स्थानिक लोकांनी ती विहीर खणली. हाडं आणि दात निघाले. पण काही जण म्हणाले, ही १९४७ च्या फाळणीतली माणसं आहेत. आता हाडांनाच विचारायला हवं होतं.

जुन्या हाडात डीएनए उरतो थोडा, तोही तुकड्यांत. म्हणून आईकडून येणारा मायटोकाँड्रियाचा डीएनए बरा. एका पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात. दाताची भुकटी करायची, डीएनए वेगळा काढायचा, मग पीसीआर. सुमारे ९५ अंशांवर डीएनएचे दोन पदर सुटतात, तापमान उतरवलं की प्रत्येकाची जोडी बांधली जाते. अशा ३० फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींहून जास्त होऊ शकतात. धोका एकच: हाड उचलणाऱ्याच्या बोटाचा डीएनएही तितक्याच इमानाने वाढतो. म्हणून स्वच्छ खोली, हातमोजे आणि प्रत्येक वेळी नमुना न घातलेली एक कोरी नळी. त्या नळीत काही उगवलं तर सगळं फुकट.

पंजाब विद्यापीठ, हैदराबादची सीसीएमबी, बनारस हिंदू विद्यापीठ आणि ही लखनौची संस्था यांचा निबंध २०२२ मध्ये आला. ५० नमुन्यांचा डीएनए आणि ८५ जणांच्या दातांतला ऑक्सिजन तपासला होता. लहानपणी दात घडताना प्यायलेल्या पाण्याची खूण एनॅमलमध्ये कायम राहते. दोन्ही साक्षी जुळल्या: माणसं पंजाबची नव्हती, गंगेच्या मैदानातली होती.

पण डीएनएवर पलटणीचा नंबर नसतो. तो कूपरच्या कागदावर आहे. प्रयोगशाळेने मुलूख सांगितला, कागदाने तारीख सांगितली. दोन्ही एकत्र ठेवल्यावर इतिहास उभा राहिला. आणि नाव? आईकडचा हा धागा हजारोंचा सारखा असतो, त्यातून एकट्याचं नाव निघत नाही. बंगाल आर्मीत अवधचे, म्हणजे याच मुलखाचे शिपाई भरपूर होते. त्यांतले कुणी त्या विहिरीत असतील, तर ते इतकंच घरी परतलेत: मुलखापर्यंत, दारापर्यंत नाही.

भेटू पुढच्या भागात.