पेवातली ज्वारी

माणूस जमीन खोदतो तो बहुतेक वेळा काहीतरी वर काढण्यासाठी: पाणी, दगड, धातू, कंदमुळे. देशावर मात्र पिढ्यान्‌पिढ्या एक खोदकाम उलट्या हेतूने होत आले. वर पिकलेले धान्य खाली नेऊन ठेवण्यासाठी पेवे खोदली गेली. ती का खोदली, याचे उत्तर सहसा एका दमात दिले जाते: लुटारूंच्या भीतीने. पेंढारी यायचे, फौजा यायच्या, म्हणून शेतकरी दाणे पुरून ठेवायचा. हे उत्तर मला अपुरे वाटते. पेव हे आधी धान्य टिकवण्याचे साधन होते. लपवण्याचा उपयोग त्याला मागाहून जोडला गेला. हा क्रम उलटा लावला की शेतकऱ्याची भीती तेवढी दिसते आणि त्याचे ज्ञान दिसेनासे होते.

पेवाची घडणच पाहावी. जागा उंचवट्याची, पाणी न तुंबणारी. तोंड एक माणूस उतरेल एवढे, खाली पोट सुटलेले. खोदून झाले की आत जाळ करून भिंती सुकवायच्या, शेणमातीने सारवायच्या, तळाला आणि कडेला कडब्याचा जाड थर द्यायचा, उन्हात कडकडीत वाळवलेली ज्वारी तोंडापर्यंत भरायची, वर दगड ठेवून मातीने लिंपून टाकायचे. अरुंद तोंड लपवायलाही सोयीचे, हे खरे. पण जाळ, सारवण आणि कडबा यांचा लुटारूशी काय संबंध? ती सारी तजवीज ओल आणि हवा यांच्याविरुद्ध आहे. बंद पेवात दाणा श्वास घेत राहतो, प्राणवायू संपत जातो, कर्बवायू साठतो आणि सोंडकिडा गुदमरून मरतो. इंग्लंडमध्ये बटसर येथे पीटर रेनॉल्ड्स यांनी १९७० च्या दशकात लोहयुगीन पद्धतीचे खड्डे खोदून हेच तपासले. भिंतीलगतचा दाणा ओलीने मोड धरतो, उरलासुरला प्राणवायू तोच संपवतो आणि त्याच्या नासण्यावर आतली रास तगते. दोन हजार वर्षांपूर्वी व्हारो या रोमन लेखकानेही लिहून ठेवले आहे की जिथे हवा पोचत नाही तिथे कीड होत नाही, आणि पेव उघडल्याबरोबर आत उतरू नये, माणसे गुदमरतात. आपल्याकडेही तोंड उघडून पेव काही वेळ तसेच सोडतात, मग दोरीने कंदील खाली सोडतात. तो विझला तर कुणी उतरत नाही.

घोडेस्वारांच्या धाडींच्या कितीतरी आधीचा पुरावा पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी आहे. इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातल्या त्या वस्तीत धान्याचे खड्डेही सापडले आणि कणग्या ठेवण्याचे मातीचे गोल ओटेही. रोजचे वर आणि राखायचे खाली, अशी ही वाटणी असावी, असे मला वाटते. जमिनीखाली दाणा राखणारा माणूस एकटा नाही. मुंग्याही राखतात, आणि त्यांनाही लपवण्यापेक्षा ओलीचीच धास्ती अधिक. बिया साठवणाऱ्या मुंग्या पावसात भिजलेले बी वारुळाबाहेर आणून उन्हात वाळवतात, कोंब फुटू लागला तर तो कुरतडून टाकतात आणि मगच बी परत आत नेतात.

धामधुमीच्या काळात पेवावर माती ओढून त्याचा माग पुसला जाई, हे कुणी नाकारणार नाही. अधिक वजनदार आक्षेप वेगळा आहे: पेव कुणाचे होते? खंडीच्या हिशेबाने ज्वारी शिल्लक राहणारे घर पाटलाचे नाहीतर सावकाराचे. आषाढ-श्रावणात घरातले दाणे संपले की कूळ त्याच्या दारी जाई आणि सुगीला सवाईने किंवा दिढीने फेडी. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. पण त्यानेही माझेच म्हणणे पक्के होते. दाणा टिकत होता म्हणूनच त्यावर सत्ता चालत होती. सडणाऱ्या मालावर कुणी वाट बघत बसत नाही. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा लोकांनी एवढी जपली ती याचसाठी. दुष्काळात राखलेले धान्य कुणासाठी उघडायचे, या प्रश्नाचे उत्तर दामाजीपंतांनी भुकेल्यांसाठी कोठार उघडून, आपल्या जिवावर दिले.

पेव मागे पडले ते त्याचे शास्त्र चुकले म्हणून नव्हे. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि देशावरचे धान्य दूरच्या भावाने विकले जाऊ लागले. राखण्यापेक्षा विकण्यात फायदा दिसू लागला. पुढे सरकारी गोदामे आली, आणि कालव्यांच्या पाण्याने अनेक ठिकाणची जमीन ओली झाली. तरी सांगलीजवळ हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमापाशी, व्यापाऱ्यांनी हळदीसाठी पेवे वापरात ठेवली. तिथे चोरदरोड्याचा प्रश्न नव्हता. पेवांच्या जागा साऱ्या बाजाराला ठाऊक होत्या. वर्षानुवर्षे हळदीला कीड लागत नाही आणि रंग टिकतो, एवढेच कारण पुरेसे होते. २००५ च्या महापुरात कृष्णेचे पाणी पेवांत शिरले, हळद कुजली, आणि त्यानंतर बरीचशी हळद शीतगृहांकडे वळली.